वासापायी फेकलेला गड्डा : परसातल्या सुरणाच्या फुलाची गोष्ट



एरवी मी इथं संत्र्याच्या पन्हेरीचं, ताणाचं, डिंक्याचं लिहितो. आज जरा वेगळं लिहितो. लांब आहे, पण सवडीनं वाचा.

यंदा रोहिणी सरता सरता दोन चांगल्या सरी झाल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरामागून मेलेल्या जनावराचा वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून बायकोनं धान्याच्या कोठ्या हलवल्या, मी लाकडाचा ढीग उपसला. काही सापडेना. शेवटी पोरगं परसातून ओरडलं, "बाबा, अथी पाहा, जमिनीतून काय निघालं थे!"

जाऊन पाहिलं तर मातीला चिकटून एक मोठं फूल उघडलेलं. ना पान, ना देठ. कडेला झालर, रंग काळपट जांभळा, मधे मेंदूसारखा सुरकुतलेला गोळा, आणि त्यावर माश्या आणि भुंगेरे घोंगावत होते. सुरणाचं फूल. मागच्या दोन-तीन वर्षांत खणायचा राहून गेलेला गड्डा होता तो.

शेजारच्या काकू नाकाला पदर लावून कुंपणापाशी आल्या. "काहून बा, काय मेलं तुह्या घरी? काढून फेक ना थे!"

मी म्हटलं, "काकू, दोन दिवस कळ काढा. वास आपोआप जाते."

काढून फेकणं सोपं होतं. पण तसं आमच्या घरी एकदा झालं आहे, आणि त्याचा पस्तावा अजून आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आजीचा सुरण

आमची आजी न्हाणीमागं, नालीच्या वरच्या कोरड्या अंगाला सुरण लावायची. बेणं तिनं माहेराहून आणलेलं, घाटावरच्या एका खेड्यातून. लग्न होऊन आली तेव्हा सोबत गड्डा आणला, असं ती सांगायची. चुलीची राख, शेणखत आणि पालापाचोळा, एवढीच त्याची सरबराई. दिवाळीनंतर पान वाळून पडलं की खणायचा, मोठा गड्डा घरात आणि डोळ्याचा तुकडा परत मातीत. चिंचेच्या पाण्यात उकडला की तो सुरण जिभेला जराही खाजत नसे. उपवासाला तोच, पाहुण्याला तोच.

तीस वर्षांपूर्वी आत्याचं लग्न घरी होतं. मांडव पडला आणि नेमकं त्याच आठवड्यात परसातल्या जुन्या गड्ड्याला फूल आलं. वऱ्हाड यायचं, आचारी भट्टी लावतोय, आणि साऱ्या अंगणात सडका वास. कोणी म्हणालं अपशकुन आहे, कोणी म्हणालं आत्ताच्या आत्ता काढा. आजी एवढंच बोलली, "राहू द्या माय, दोन दिसाचा वास हाये, जाईन आपोआप." पण लग्नघरात म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकते? चुलत्यांनी फुलासकट गड्डा खणला आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकला. घाईगर्दीत बाजूचे दोन लहान गड्डेही गेले. पुढच्या साली लावायला बेणंच उरलं नाही. आजीचं माहेरही तोवर उठून शहरात गेलं होतं. तो सुरण तिथंच संपला.

पुढं मी बाजारातून बेणं आणून बागेच्या कडेला सुरण लावला. पीक आलं, पण ती चव, ते न खाजणं परत मिळालं नाही. आजीच्या सुरणाला नाव नव्हतं, त्यामुळं तो कुठं शोधावा हेही कळत नाही.

वास कशासाठी

शाळेत आपण शिकलो, फूल म्हणजे सुगंध, मध आणि मधमाशी. आमच्या गावात तर हे सांगायलाच नको, संत्रा फुलला की सारं शिवार दरवळते. सुरणानं दुसरा धंदा धरला आहे. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मेलेल्या जनावरावर अंडी घालणाऱ्या माश्या आणि भुंगेरे. म्हणून तो सडक्या मांसाचा वास सोडतो. या वासात डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड अशी गंधकाची संयुगं असतात. कांदा किंवा पत्ताकोबी सडल्यावर येणारा वास त्याच घराण्यातला. भुंगेरा फसून येतो, आत फिरतो, अंगाला पराग लागतो, आणि पुढं असंच दुसरं फूल भेटलं तर तिथं तो पराग पोचवतो.

आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचं एक कणीस आहे. पुस्तकात त्याला स्थूलकणिश म्हणतात. तळाशी मादी फुलं, त्यावर नर फुलं, आणि माथ्यावरचा सुरकुतलेला गोळा वास सोडण्यासाठी. हा गोळा नुसता वास सोडत नाही, तापतोही. उष्णतेनं वास लांब जातो. अळूच्या कुळातल्या फुलांची ही ऊब फ्रान्सच्या लामार्कनं 1778 सालीच नोंदवली होती. पण ती कशानं पेटते हे कळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली. 1987 साली, याच कुळातल्या आणि आपल्या देशातही उगवणाऱ्या सॉरोमॅटम नावाच्या झाडावर काम करताना कळलं की फूल तापवण्याचा इशारा सॅलिसिलिक आम्ल देते. ॲस्पिरिनची गोळी ज्याच्यापासून बनते तेच हे आम्ल. पिकाच्या रोगप्रतिकारात सॅलिसिलिक आम्लाचं काम आज कृषी शाखेची पोरं शिकतात. त्याच आम्लाची ही दुसरी ओळख एका घाणेरड्या वासाच्या फुलानं करून दिली.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. सुरणाच्या फुलात मादी आधी तयार होते आणि नर नंतर. पहिल्या दिवशी वास जोरात असतो तेव्हा मादी फुलं पराग घ्यायला तयार असतात. पराग सुटतो तोवर मादीची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे एकट्या फुलाला स्वतःच्या परागावर बी धरणं अवघड. जवळपास एखाद्या दिवसाच्या फरकानं दुसरं फूल उघडलेलं असेल तरच जमते. आणि आपण तर गड्डा दरसाल खणतो. फूल येण्याइतका जुना आणि जाड तो होतच नाही.

हजारो वर्षं माणसानं सुरण दाराशी लावला, खाल्ला, औषधाला वापरला. पण त्याला फुलायला सवड क्वचितच दिली, आणि चुकून फुलला तर नाक दाबून फेकला. सुरणाचा इतिहास वाचताना हीच गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली.

पोथीत कंद, फूल नाही

जुन्या वैद्यकात सुरणाला मोठा मान आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशानं कंदभाज्यांमध्ये त्याला सगळ्यांत श्रेष्ठ म्हटलं. त्याचं एक संस्कृत नाव अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा. दुसरं नाव ओल, बंगालात आजही सुरणाला ओलच म्हणतात. हिंदी मुलखात तो जिमीकंद, आणि काशीकडं दिवाळीला तो घरोघरी शिजतो. आपल्याकडं तो उपवासाचा. पण हा सगळा मान कंदाचा आहे.

सुरणाचं झाड नीट चितारून छापलं गेलं ते सतराव्या शतकात, आणि त्या कामात आपल्या भाषेच्या जवळच्या माणसांचा हात होता. केरळच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांचा अंमल होता. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा एक अवाढव्य ग्रंथ करवून घेतला, हॉर्टस मलबारिकस. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यानं, आणि त्याच्या जोडीला तीन कोकणी ब्राह्मण होते : रंगा भट, विनायक पंडित आणि आपु भट. या तिघांनी 1675 साली लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापला आहे. छापील नागरीच्या फार जुन्या नमुन्यांपैकी तो एक. सुरण त्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात मल्याळम नावानं, चेना म्हणून, येतो. डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्य खर्चून या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते 2003 पासून केरळ विद्यापीठानं काढलं.

सुरणाचं आजचं शास्त्रीय नाव, ॲमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस, याचं मूळही तिथंच आहे. 1818 साली डेनस्टेट नावाच्या जर्मन माणसानं हॉर्टस मलबारिकसमधल्या झाडांना शास्त्रीय नावं दिली, त्यात सुरणाच्या पानाला पिओनी नावाच्या झाडाच्या पानाची उपमा दिली. ते नाव मागं पडलं होतं. 1977 साली निकोलसन या वनस्पतीशास्त्रज्ञानं ते परत चालू केलं. नावाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा ग्रीक अर्थ इथं चारचौघांत सांगण्याजोगा नाही, कृषी सहायक भाऊंना खासगीत विचारा.

ऱ्हीडनंतर सुमारे शंभर वर्षांनी विल्यम रॉक्सबर्ग आला. कंपनी सरकारचा हा डॉक्टर आधी गोदावरीच्या मुखाजवळ सामलकोटला होता, 1793 पासून कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख झाला. त्यानं देशी चित्रकारांकडून हजारो झाडांची चित्रं काढून घेतली. सुरणाला त्यानं घंटेच्या आकाराच्या फुलावरून नाव दिलं, कॅम्पॅन्युलेटम. जुन्या कृषी पुस्तकांत सुरणाचं नाव ॲमॉर्फोफॅलस कॅम्पॅन्युलेटस असं दिसते ते त्याच्यामुळं. आजीसारख्या बायांनी ज्या फुलाकडं नाक दाबूनच पाहिलं, त्याच्यावरून अख्ख्या पिकाला दीडशे वर्षं नाव होतं.

तिकडं तिकीट, इकडं उकिरडा

आता सुरणाच्या थोरल्या भावाची गोष्ट. 1878 साली ओदोआर्दो बेक्कारी हा इटलीचा वनस्पतीशास्त्रज्ञ सुमात्राच्या जंगलात फिरत होता. तिथं त्याला सुरणाच्याच जातीचं पण माणसापेक्षा उंच फूल दिसलं. आज त्याला टायटन आरम म्हणतात. त्याचं फूल तीन मीटरच्या वर जाऊ शकते, आणि स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या बागेत 2010 साली त्याचा गड्डा वजन केला तर 153.9 किलो भरला. आपले दीड क्विंटल!

बेक्कारीनं इटलीला गड्डे आणि बी दोन्ही पाठवलं. त्या वेळी युरोपात द्राक्षावर फायलोक्सेरा या किडीचा कहर चालू होता, त्यामुळं बाहेरून येणाऱ्या जिवंत झाडांवर बंदी होती. गड्डे फ्रान्सच्या मार्सेय बंदरात अडकले आणि तिथंच मेले. बी तेवढं पोचलं आणि फ्लॉरेन्सच्या एका बागेत उगवलं. त्यातलं एक रोप लंडनच्या क्यू बागेला गेलं, आणि 1889 साली तिथं फुललं. मंडळी, ही गोष्ट मी दोनदा वाचली. गड्डे गेले पण बी होतं म्हणून झाड वाचलं. आमच्या घरी गड्डा गेला तेव्हा मागं बी नव्हतं.

पुढं 1926 साली क्यूमध्ये ते परत फुललं तेव्हा गर्दी आवरायला पोलीस लावावे लागले. न्यूयॉर्कच्या बागेत ते 1937 साली फुललं, आणि दोन वर्षांनी तिथल्या ब्राँक्स भागानं त्यालाच आपलं अधिकृत फूल ठरवलं. आजही जगात कुठं हे फूल उघडलं की लोक रांगा लावून सडका वास घ्यायला जातात.

वासाची झाडं घरात ठेवायचा शौकही तिकडं जुना आहे. मघाशी सांगितलेल्या सॉरोमॅटमचा कोरडा गड्डा युरोपात खिडकीत नुसता ठेवतात, माती नाही, पाणी नाही, तरी त्याला फूल येते. आपल्याकडं सुरणाचं बेणं खोलीत ठेवलं तर कधी कधी तिथंच फुलते, तसंच हे. दक्षिण आफ्रिकेची स्टॅपेलिया आता आपल्याकडंही कुंड्यांत दिसते, चांदणीसारखं केसाळ फूल आणि मेलेल्या उंदराचा वास. माशी फसून त्यावर अंडी घालते आणि अळ्या उपाशी मरतात. तिच्याच कुळातलं आपलं शिवसुमन, शिंदळ माकुडी, शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर तगून आहे आणि जगातल्या दुर्मिळ झाडांत मोजलं जाते.

पण या शौकातून एक धडाही मिळतो. अलीकडं जगभरच्या बागांतल्या टायटन आरमच्या नोंदी तपासल्या, तर बरीच झाडं एकमेकांची सख्खी भावंडं किंवा एकाच झाडाची नक्कल निघाली. पराग कुठून आला, बी कोणाचं, हे कोणी नीट लिहून ठेवलं नव्हतं. ज्या फुलासाठी पोलीस लावले, त्याचा वंश जपायला वही ठेवली नाही.

नक्कल किती दिवस पुरेल

आता परत आपल्या शिवारात येतो, कारण हा प्रश्न आपला आहे.

सुरण गड्ड्याच्या तुकड्यापासून लावतात. प्रत्येक तुकडा म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. 3 बाय 3 फुटांवर लावलं तर एकरी 4,840 झाडं बसतात. अर्ध्या किलोचा तुकडा धरला तर एकरी साधारण 24 क्विंटल बेणं लागते. एवढं बेणं विकत घ्यायचं म्हटलं की शेतकरी जे बाजारात चालते तेच घेतो. आज बहुतेक ठिकाणी ते गजेंद्र वाण असते. आंध्रात गोदावरीकाठच्या कोव्वूरच्या स्थानिक सुरणातून निवडलेला हा वाण, चांगला आणि न खाजणारा. रॉक्सबर्ग जिथं राहिला त्याच गोदावरीच्या मुलखातला. मी स्वतः तो लावला आहे, आणि त्याला नावं ठेवणार नाही.

पण एका वर्षी सलग पाऊस लागला, वाफ्यात पाणी तुंबलं, आणि बुंधाकूज लागली. स्क्लेरोशियम बुरशी. आठ दिवसांत ओळीच्या ओळी आडव्या. निचरा नीट केला नाही ही चूक माझीच. पण मला एक दिसलं. एका रोपाला जे झालं तेच सगळ्यांना झालं, कारण सगळी एकाच आईची नक्कल होती. मधे एखादं वेगळं झाड उभं राहिलं असतं तर मी त्याचं बेणं धरलं असतं. वेगळं झाड नव्हतंच.

संत्रावाल्यांना हे वेगळं समजवायला नको. शेंदूरजनाघाटची पन्हेरी दूरदूर जाते. आपण बरीच वर्षं डोळे जंभेरीच्या खुंटावर बांधले. जंभेरी जोमदार, झाड लवकर भरते. पण मुळाला फायटोप्थोरा लागला, डिंक्या आला, की बागा बसू लागल्या. मग रंगपूर लाईमच्या खुंटाकडं वळावं लागलं. वळता आलं कारण दुसरा खुंट शिल्लक होता. सुरणात आपल्याजवळ दुसरं काय शिल्लक आहे? परसापरसांतले बिननावाचे गड्डे. आणि ते वासापायी, जागेपायी, नव्या न्हाणीघराच्या फरशीपायी चालले आहेत.

नवं रक्त फक्त बियातून येते, आणि बी फक्त फुलातून. तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे, 1963 साली सुरू झालेली. तिथल्या लोकांनी वायनाडच्या स्थानिक सुरणातून श्री पद्मा हा वाण निवडला, आणि फुलांचा संकर करून श्री अथिरा हा संकरित वाण काढला. सुरणात संकर करणं किती किचकट, याचा अंदाज वर सांगितलेल्या फुलाच्या वेळापत्रकावरून येईल. नर-मादीची वेळ वेगळी, फुलं एकाच दिवशी येत नाहीत, आणि बियापासून खाण्याजोगा गड्डा व्हायला काही वर्षं जातात. ज्यांनी हे केलं त्यांनी वासाला नाक मुरडलं असतं तर झालं नसतं.

उलटी बाजू कोकणात दिसते. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात मृगाच्या सुमारास शेवळं येतात. शेवळा म्हणजे सुरणाचाच रानातला भाऊ. त्याचं न उघडलेलं फूल हीच भाजी. खाज मारायला सोबत काकडं नावाची आंबट रानफळं घालतात. ठाकर, कातकरी, वारली बाया रानातून जुड्या बांधून आणतात, आणि त्यावर पावसाळ्याच्या तोंडी त्यांचं घर चालते. पूर्वीची रीत म्हणजे सगळी न काढता काही राखायची. मागणी वाढली आणि जंगल घटलं की राखायला कोण थांबेल? कळीच खाल्ली तर फूल नाही, फूल नाही तर बी नाही. आम्ही फूल फेकतो, तिकडं फूल खातात, पण बी दोन्हीकडं नाही.

यंदा काय केलं

यंदाच्या फुलाला मी हात लावला नाही. पहिल्या रात्री वास असह्य होता. खिडक्या लावून झोपलो. गोळ्याला हात लावून पाहिला तर कोमट लागला. दुसऱ्या दिवशी वास उतरला आणि पिवळसर पराग सुटला. तो कोरड्या कागदावर झटकून छोट्या बाटलीत भरला आणि फ्रिजमध्ये ठेवला. बायकोनं विचारलं, "हे काय आता?" सांगितल्यावर ती म्हणाली, "दुधाच्या बाजूला नोका ठेऊ." खालच्या कप्प्यात ठेवला.

बेण्याच्या खोलीत आणखी एक जाड गड्डा आहे, त्याला टोकदार कोंब फुटला आहे. पान निघते की फूल, अजून सांगता येत नाही. फूल निघालं तर पराग तयार आहे. तो टिकला असेल की नाही हे लावल्यावरच कळेल. बी धरलं तर कणसावर लाल गोंड्या दिसतील. त्यातून निघालेली काही रोपं खाजरी असतील, काही कामाची नसतील. चार-पाच वर्षांनी एखादं चांगलं निघालं तर त्याला आजीचं नाव देईन.

तुमच्या परसात जुना सुरण असेल तर एवढं करा :

1. दरसाल एक-दोन गड्डे खणू नका. जाड होऊ द्या. निचऱ्याची जागा असू द्या, पाणी तुंबलं की बुंधा कुजतो.

2. फूल आलं तर काढू नका. वास एक-दोन दिवसांचा आहे. लग्नकार्य असेल तर कुंडीतला गड्डा बांधावर नेऊन ठेवा, जमिनीतला असेल तर वरून डालगं झाका.

3. फूल कोणत्या तारखेला उघडलं, पराग कधी सुटला, गड्डा कुठून आलेला, हे वहीत लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, नंतर सांगणारं कोणी राहत नाही.

4. शेजारच्या गावात त्याच आठवड्यात फूल आलं असेल तर पराग द्या-घ्या. मऊ ब्रश पुरतो. पराग पहिल्या दिवशीच्या, वास जोरात असलेल्या फुलाच्या तळाला लावायचा.

5. फूल येऊन गेल्यावर गड्डा मेला समजू नका. मागाहून पान येते. राख आणि शेणखत द्या.

6. हाताला तेल लावल्याशिवाय कापू नका, आणि आंबट घातल्याशिवाय शिजवू नका. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया चिंच, ताक, आमसुलानंच शांत होतात.

शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी परत कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "गेला रे वास?" म्हटलं, "गेला काकू." जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या घरामागंही हाये एक जुना सुरन. सासूबाईनं लावला होता. यंदा खणीन म्हणत होती मी."

म्हटलं, काकू, यंदा नोका खणू.

तुमच्याकडं किंवा तुमच्या आजोळी बिननावाचा, न खाजणारा जुना सुरण अजून असेल तर कळवा. एक डोळ्याचा तुकडा न्यायला मी स्वतः येतो, आणि बदल्यात संत्र्याची दोन कलमं देतो.